कापडाची कात्री

मे महिन्यात जळगावात रात्री घरात कुणी झोपत नाही. संध्याकाळी सातला गच्चीवर दोन-चार बादल्या पाणी मारायचं, त्याची वाफ निघून जाईपर्यंत खाली जेवणं उरकायची आणि नऊ-साडेनऊला गाद्या वर न्यायच्या. यंदा गच्चीचा अर्धा भाग आईच्या बिबड्यांनी अडवला होता. दिवसभर ऊन खाल्लेल्या ज्वारीच्या बिबड्यांना रात्री लसूण-मिरचीचा जो वास सुटतो, त्याच्या शेजारी आम्ही तिघी: आई, मी आणि भावाची मुलगी चिऊ.

चिऊ नाशिकला इंग्रजी शाळेत शिकते. सुट्टीत वाचायला म्हणून तिने एक पुस्तक आणलं होतं आणि पंधरा दिवसांत त्याची नऊ पानं वाचली होती. शेवटी म्हणाली, "आत्या, तू वाच आणि मराठीत सांग. आजीला पण कळेल." आजीचं नाव पुढे करून स्वतःची सुटका. पण मला ती अट आवडली. लहानपणी असंच तर ऐकलंय सगळं, अंधारात, आडवं पडून, ऐकता ऐकता झोप लागण्याच्या बेताने.

पुस्तक लॉरेन वोल्क या अमेरिकन लेखिकेचं, 'वुल्फ हॉलो'. २०१६ साली आलं आणि पुढच्या वर्षी त्याला न्यूबेरी हा अमेरिकेतला बालसाहित्याचा सन्मान मिळाला. काळ १९४३ चा, जागा पेनसिल्व्हेनियातला डोंगराळ शेतीचा मुलूख. नावापासूनच माझी अडचण झाली. हॉलो म्हणजे काय सांगायचं? दरी म्हटलं तर फार मोठी होते, खड्डा म्हटलं तर फार लहान. मी 'लांडग्यांची घळ' म्हणाले. तिथे पूर्वी लांडगे पकडायला खड्डे खणायचे, म्हणून हे नाव. आई लगेच उठून बसली. पारोळ्याकडच्या माळावर लांडग्याने शेळ्या नेल्याच्या तिच्याकडे दोन गोष्टी आहेत, त्या दोन्ही झाल्या. पहिल्या रात्री आम्ही अमेरिकेला पोहोचलोच नाही.

ॲनाबेल ही शेतकऱ्याची मुलगी, दोन धाकटे भाऊ, डोंगरातली लहानशी शाळा. त्या वर्षी मी बारा वर्षांची झाले आणि खोटं बोलायला शिकले, अशी ती गोष्ट सुरू करते. मग बेटी येते. चौदा वर्षांची, शहरातून आजी-आजोबांकडे धाडलेली, कुणाला आवरत नाही अशी. ती शाळेच्या वाटेवर ॲनाबेलला अडवते, काहीतरी आणून दे म्हणते, नाहीतर भावांना मारीन. काठीने मारते. एका लाव्ह्याची मान मोडते, तेही डोळ्यांदेखत. इथे चिऊ पोटावर वळून डोकं वर काढून ऐकायला लागली. आई मात्र म्हणाली, "तिले मायबाप नईत का वं?"

पुस्तक वाचताना मला हा प्रश्न पडला नव्हता. मी बेटीचा नुसता राग राग करत होते. ऐंशीच्या घरातल्या माझ्या आईला पहिली शंका ही आली, की ही पोर अशी का झाली, आणि हिचं करणारं कोण आहे. पुस्तकात त्याचं उत्तर जेमतेम आहे.

दुसरा माणूस टोबी. पहिल्या महायुद्धातून परत आलेला, कुणाशी न बोलणारा, पाठीवर तीन बंदुका घेऊन डोंगरात हिंडणारा. त्या तीनपैकी एकच चालते. पडक्या धुराडखोलीत राहतो. (मांस धुरावर टिकवायची खोली असते तिकडे. हे समजावण्यात दहा मिनिटं गेली आणि आईने माळेला हात लावला.) ॲनाबेलचे आई-वडील त्याच्याशी माणसासारखं वागतात, बाकीचे त्याला टरकून असतात. बेटी दगड मारते, रुथ नावाच्या मुलीचा डोळा जातो, आणि बेटी सांगते की दगड टोबीने मारला. गावाला ते पटतं. पटायला काही लागतच नाही. तीन बंदुका, लांब दाढी आणि गप्प राहणं, एवढा पुरावा पुरतो.

मोठ्यांच्या दृष्टीने पाहिलं तर या पुस्तकाबद्दल माझी एक तक्रार आहे. बेटी फार सोयीची आहे. ती इतकी दुष्ट आहे, की वाचणारं कुठलंही मूल आपण बेटी आहोत असं म्हणणार नाही. सगळी मुलं ॲनाबेल होऊन वाचतात. मीही तशीच वाचत गेले, दोनशे पानं. मग ते प्रकरण आलं ज्यात ॲनाबेल कात्री घेते.

झालेलं असं: बेटी नाहीशी होते, संशय टोबीवर जातो, लोक त्याला शोधायला निघतात. ॲनाबेल त्याला आपल्या कोठारात गवताच्या माळ्यावर लपवते. नुसती लपवून थांबत नाही, त्याचे केस कापते. दाढी उतरते, बंदुका बाजूला होतात, वडिलांचे कपडे अंगावर येतात आणि टोबीचा जॉर्डन नावाचा भलताच माणूस होतो. पुढे बेटी एका जुन्या विहिरीत सापडते आणि तिला वर काढायला हाच जॉर्डन खाली उतरतो. ज्यांना टोबीची धास्ती होती तीच माणसं या जॉर्डनशी सरळ बोलतात. मूठभर केस गेले आणि लोकांची नजर बदलली.

त्या रात्री मी तिथेच थांबले. चिऊला वाटलं मला झोप आली.

१९८६ साली मी सहावीत होते. पारोळा तालुक्यातलं एक गाव, त्याचं नाव इथे नको. नाना, म्हणजे माझे वडील, शिंपी होते. दुकान शाळेच्या भिंतीला लागून, एक पायमशीन, एक पाट, पाटावर खडू, टेप आणि मेरठची दहा नंबरची कात्री. या कात्रीला घरात देव्हाऱ्याच्या खालोखाल मान होता. तिने कागद कापायचा नाही, सुतळी तर नाहीच नाही. कागदाने धार मरते, हे आम्हाला अ आ इ ई च्या आधी शिकवलं गेलं. कागदाला वेगळी, मोडक्या मुठीची कात्री होती.

ऑगस्ट संपत आला की शाळेत नाटुकल्याची तालीम सुरू व्हायची. ९ सप्टेंबर हा आम्हा खान्देशातल्या मुलांचा मोठा दिवस. १९४२ साली याच दिवशी नंदुरबारला मुलांच्या प्रभातफेरीवर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जणांचा जीव गेला. त्यांत शिरीषकुमार मेहता, वय वर्षं पंधरा. लालदास, धनसुखलाल, शशिधर, घनश्याम ही बाकीची नावं गुरुजी आमच्याकडून घोकून घ्यायचे. 'नहीं नमशे, नहीं नमशे, निशान भूमी भारतनु' ही गुजराती घोषणा आम्ही अहिराणी तोंडांनी इतक्या जोरात द्यायचो की नानांची मशीन थांबायची. शूर कसं व्हायचं ते आम्हाला पक्कं माहीत होतं: झेंडा धरायचा, छाती पुढे करायची, गोळी आली की डावीकडे पडायचं, कारण उजवीकडे हार्मोनियम होती.

झेंडे माझ्याकडे. नानांच्या दुकानातल्या चिंध्यांतून केशरी, पांढरे, हिरवे तुकडे मी निवडून आणायची. त्यामुळे तालमीत काम नसूनही माझा भाव वधारलेला असायचा.

त्या वर्षी आमच्या वर्गात पारध्यांचा एक मुलगा होता. गावाबाहेर माळावर त्यांची पालं पडली होती. कुणीतरी खटपट करून त्याला शाळेत घातलं असावं. केस लांब, मानेच्या खालपर्यंत. देवीच्या नवसाचे आहेत, असं त्याने एकदा सांगितलं होतं. मधल्या सुट्टीत पोरं मागून ते ओढायची आणि वळेपर्यंत पळायची. कुणाची पेन्सिल हरवली की पहिली त्याची पिशवी उपडी व्हायची. ती सापडली की कुणी काही बोलायचं नाही, पिशवी तो स्वतःच भरायचा. भाषेचंही होतं. आम्ही अहिराणीतून उत्तर दिलं की गुरुजी म्हणायचे, शुद्ध बोला. म्हणजे आम्हीही अशुद्धच होतो, पण आमच्याखाली अजून एक जण आहे याचं बरं वाटायचं. हे तेव्हा कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. थोडं कळत होतं.

नाटुकल्यात पोलीस व्हायला कुणी तयार नसायचं. गुरुजींनी त्याला उभं केलं: तू पोलीस हो, तू उंच आहेस. तो नाही म्हणाला. गुरुजींना वाटलं लाजतोय. पुन्हा सांगितलं. तो म्हणाला, काहीही होतो, मेलेला होतो, पोलीस होणार नाही. वर्ग हसला.

आज ते वाक्य आठवलं की मला बसल्या जागी कसंतरी होतं. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून कितीतरी जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. नाव नोंदवायचं, हजेरी द्यायची, परवानगीशिवाय हलायचं नाही. स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ ला त्या यादीतून त्यांची सुटका झाली आणि ते विमुक्त झाले, कागदावर. पालांवर पोलिसांची गाडी मात्र नंतरही येतच राहिली. चोरी कुठेही होवो, गाडी आधी तिकडे. त्या मुलाने पोलीस पाहिलेला होता. आम्ही फक्त नाटकातला. ३१ ऑगस्ट आणि ९ सप्टेंबर यांच्यात नऊ दिवसांचं अंतर आहे. पहिली तारीख मला पस्तिशीत कळली.

गुरुजींचा पारा चढला. नाटक राहू दे म्हणाले, पण हे असं जटा वाढवून वर्गात बसायचं नाही. मग त्यांची नजर वर्गावरून फिरली आणि माझ्यावर थांबली. "जा गं, नानांकडून कात्री आण."

मी धावत गेले. हे मला लिहायचं होतं आणि हेच लिहायला इतकी वर्षं लागली. मला कुणी ढकललं नव्हतं. चाळीस मुलांतून माझं नाव आलं म्हणून मी आनंदाने, पायात काही न घालता, दुकानापर्यंत पळत गेले. मोडक्या मुठीची कात्री समोर लटकत होती, ती मी घेतली नाही, कारण मोठीचा तोरा मोठा. नानांनी विचारलं, "कशाले?" मी म्हणाले, झेंडे कापायला. केसांना म्हटलं असतं तर त्यांनी दिली नसती, एवढंच कारण. कुणाला वाचवायला नाही, कुणाला अडकवायला नाही. कात्री मिळावी म्हणून.

अंगणातल्या निंबाखाली गुरुजींनी स्वतः त्याचे केस कापले. तो रडला नाही. मी हसले का, आठवत नाही. हसले असेन, सगळे हसत होते. कापून झाल्यावर तो खाली बसला आणि एकेक बट उचलून सदऱ्याच्या ओच्यात गोळा करायला लागला. वाऱ्याने थोडे केस पांगले होते, ते भिंतीपर्यंत जाऊन वेचले. हसणं त्या वेळी थांबलं, हे मात्र आठवतं. मग तो ओचा दोन्ही हातांनी धरून फाटकातून निघून गेला. पिशवी वर्गात राहिली.

हे गुरुजी वाईट होते असं कुणी समजू नये. चौथीच्या स्कॉलरशिपची मुलं ते रात्री स्वतःच्या घरी कंदिलाच्या उजेडात फुकट शिकवायचे. 'श्यामची आई' वाचून दाखवताना त्यांचा आवाज भरून यायचा. साने गुरुजींनी जिथे मुलांना शिकवलं ते अमळनेर आमच्यापासून जवळ, त्यामुळे ते जणू घरचेच. मोळी पडलेल्या म्हाताऱ्या महारणीला हात दे म्हणून श्यामला पाठवणारी आई वाचली तेव्हा आमच्या वर्गात निम्म्या मुली रडल्या होत्या, मी धरून. तेच गुरुजी, तोच निंब. आमच्यात बेटी नव्हती. म्हणून म्हणते, बेटी सोयीची आहे.

कात्री मी परत नेऊन पाटावर ठेवली. संध्याकाळी नाना एक लेंगा बेतायला बसले आणि कात्री अडली. मधल्या स्क्रूत एक लांब केस अडकला होता. त्यांनी तो नखाने ओढून काढला, दिव्यापुढे धरला, माझ्याकडे पाहिलं. "हाई कात्री कपडानी शे," एवढंच म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं. रात्री त्यांनी तिला धार लावली, गरज नसताना, बराच वेळ.

ते शाळेत जाऊन काही बोलले नाहीत. दर जूनला शाळेच्या गणवेशांचं काम त्यांच्याकडे असायचं, खाकी चड्ड्या, पांढरे सदरे, आणि त्यावर घराचे चार महिने निघायचे. हे मला लग्न होऊन स्वतःचं घर चालवायला लागल्यावर समजलं. तोवर मी मनात त्यांना दोष देत होते, स्वतःला देण्यापेक्षा ते सोपं होतं. मुलगा पुन्हा आला नाही. ९ सप्टेंबरला आम्ही सगळे ठरल्याप्रमाणे डावीकडे पडलो.

दुसऱ्या रात्री गच्चीवर चिऊने पुस्तक आणून माझ्या पोटावर ठेवलं. मी केस कापण्याचं प्रकरण सांगितलं. वाचत असताना मला वाटलं होतं की हे मला जमणार नाही, पण जमलं. ॲनाबेलने कापायच्या आधी टोबीला कशी तयारी करून दिली, तो कसा बसला, हे मी जरा जास्तच सावकाश सांगितलं. चिऊ म्हणाली, "म्हणजे केस कापले म्हणून लोक चांगले वागले? मग लोकच वेडे." मी म्हटलं, हो. आणि मग, का कोण जाणे, पुस्तक बाजूला ठेवून दुसरी गोष्टही सांगितली. मुलाचं नाव घेतलं नाही, स्वतःचं घेतलं.

चिऊने पहिला प्रश्न विचारला तो असा: "त्याने केस गोळा का केले?"

नवसाचे होते ना, मी म्हटलं. देवीपुढे जाऊन उतरवायचे असतात. शाळेत नाही.

"मग त्याने नेऊन दिले असतील देवीला?"

मला काय माहीत? आई आमच्याकडे पाठ करून पडली होती, मला वाटलं झोपली. ती तशीच, भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "नाना गयथात तठे."

मी उठून बसले. कुठे?

पालांवर, आई म्हणाली. चार दिवसांनी, दुकान बंद करून, मुलाची पिशवी घेऊन. शाळेतून ती कशी मिळवली कुणास ठाऊक. सोबत एक नवा सदराही नेला होता, उरल्या कापडाचा, अंदाजाच्या मापाचा. "पालं उठी गयथात," ती म्हणाली. नुसत्या चुलीच्या दगडांची काळी खूण होती. सदरा परत आणला. पुढे तो तुझ्या भावाने घातला.

चिऊने विचारलं, "म्हणजे माझ्या बाबांनी?" आई हो म्हणाली. मला तो सदरा आठवला. खांद्यात मोठा होता, भाऊ त्यात बुडायचा, आणि नानांच्या हातचा कपडा मापात चुकलाच कसा यावरून आम्ही त्यांची थट्टा केली होती.

एवढी वर्षं मला का सांगितलं नाहीस, हे मी विचारलं. आई म्हणाली, तू कधी विचारलं? मग तिने कूस बदलली आणि टोबीचं पुढे काय झालं ते सांग म्हणाली. त्याची शेवटची पानं उरली होती आणि ती चांगली नाहीत, हे मला माहीत होतं. मी म्हटलं, उद्या.

सकाळी खाली आले तर चिऊने मशीनचा खण उपसला होता. बॉबिन, काजाचे दोरे, बटणांचा डबा आणि तळाशी कात्री. तिने दोन्ही हातांनी जोर लावला, पण गंजलेला स्क्रू हलेना. आईने मशीनच्या तेलाची कुपी आणली, सांध्यात चार थेंब सोडले आणि कात्री गच्चीवर नेऊन बिबड्यांच्या शेजारी उन्हात ठेवली. चिऊ तिथेच सावली धरून बसली, दर पाच मिनिटांनी उघडून बघायला.